दुधाची मिशी

“बाई, रोज किलोभर गाजरं खाल्ली तर मांजरासारखं अंधारात दिसायला लागतं का?”

तोफेने हा प्रश्न हात वर न करता, उभी राहून, मागच्या भिंतीवर आपटून परत येईल अशा आवाजात विचारला. पैज तशीच होती. मधल्या सुट्टीत शिडी आणि चष्मिष्ट या तिच्या दोन मैत्रिणींनी डोकं लढवून तो तयार केला होता. विचारताना हसायचं नाही ही चष्मिष्टची अट, आणि ‘मांजरासारखं’ हा शब्द गाळायचा नाही ही शिडीची. हरली तर आठवडाभर दोघींची दप्तरं तिने तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवायची आणि उतरवायची. जिंकली तर त्यांनी तिचं.

तोफ आता हरण्यातली राहिली नव्हती. मागच्याच महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली होती. त्याआधी दोन वर्षं वर्गात ‘हजर’ यापलीकडे शब्द न काढणाऱ्या मुलीला अचानक आवाज सापडला होता, आणि नवी सायकल मिळालेलं पोर कारण नसताना फेऱ्या मारत सुटतं तशी ती तो आवाज मिळेल तिथे चालवून बघत होती. ‘तोफ’ हे नावही त्याच आठवड्यातलं. त्यापूर्वी सगळे तिला ‘गोलू’ म्हणत, आणि ते नावही अजून पुरतं गेलं नव्हतं.

जीवशास्त्राच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांची शिक्षेची रीत वेगळी होती. वात्रट प्रश्न आला की त्या त्याचं खरंखुरं उत्तर द्यायला घेत आणि तास संपेपर्यंत सोडत नसत.

“मांजरासारखं नाही दिसणार. फार तर तळहात पिवळे पडतील,” त्या म्हणाल्या. “पण प्रश्न उलटा करून बघू. अजिबातच खाल्लं नाही तर?”

त्यांनी फळ्यावर घागरीएवढा डोळा काढला. पुढे काचेसारखा पारदर्शक भाग, आणि मागे आतून अस्तर लावावं तसं दृष्टिपटल. त्या अस्तरावर दोन जातींच्या पेशी. शंकूसारख्या असतात त्या भरपूर उजेडाच्या आणि रंगांच्या मानकरी. काड्यांसारख्या असतात त्या मिणमिणत्या उजेडात कामाला येतात. त्या काड्या बाईंनी जांभळ्या खडूने भरल्या. या जांभळट रंगावर उजेडाचा कण पडला की तो रंग मोडतो, असं म्हणत त्यांनी डस्टर फिरवलं. आणि शरीर तो पुन्हा जुळवतं, असं म्हणत पुन्हा भरला. पुसला, भरला. पुसला, भरला. चौथ्या खेपेला हातातला खडू नखाएवढा उरला, आणि पाचव्या खेपेला नुसतं बोटच फळ्यावर घासलं गेलं.

“हा खडू म्हणजे जीवनसत्त्व अ,” त्या बोट पुसत म्हणाल्या. “शरीराला तो बनवता येत नाही. बाहेरून आणावा लागतो. गाजर, भोपळा, पालेभाज्या, दूध, अंड्याचा बलक. खडू संपला तरी दिवसा काही कळत नाही. पण दिवे लागायच्या वेळेला माणूस दाराला धडकायला लागतो.”

शिडी बाकाखालून मूठ दाखवत होती, म्हणजे पैज जिंकलीस. तोफेने तिला अंगठा दाखवायला हात उचलला होता. तो अर्ध्यावरच राहिला. मग तिने तो खाली आणून बाकाच्या कडेला धरला आणि ती बसली.

बाईंना आता रंग चढला होता. नुसतं मागचंच बिघडतं असं नाही, त्या सांगत होत्या. डोळ्याचा पुढचा भाग ओला राखायचं कामही याचंच. आधी पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके येतात, मग पुढची काच कोरडी पडते. मागचं दृष्टिपटल मोठं दिलदार, औषध पोटात गेलं की आठ-दहा दिवसांत पुन्हा कामाला लागतं. पुढच्या काचेला मात्र एकदा जखम झाली की डाग राहतो तो राहतोच. म्हणून असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

तोफेने आणखी काहीतरी विचारलं. बाईंना ऐकू आलं नाही.

“काय म्हणालीस? तोफ बसली की काय?”

वर्ग हसला. तिने पुन्हा विचारलं.

“किती दिवसांनी जातं ते?”

“काय?”

“दिसणं.”

“ते साठ्यावर आहे. यकृतात महिनोन्‌महिने पुरेल एवढा साठा असतो. म्हणून तर घरच्यांना पत्ता लागत नाही.” बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि प्रेमाने म्हणाल्या, “तू नको काळजी करूस. तू ताटात काही टाकत असशील असं काही मला वाटत नाही.”

या वेळी वर्ग अगदी मनापासून हसला. शिडीने तर बाकावर डोकं टेकवलं. तोफही हसली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

सुटल्यावर ठरल्याप्रमाणे शिडीने तिचं दप्तर उचललं आणि नाटकीपणे कुरकुर करत चालू लागली. फाटकापाशी आल्यावर तोफेने ते तिच्या खांद्यावरून काढून घेतलं. पैज राहू दे, म्हणाली. दोघी मैत्रिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. तोफ काही न बोलता घरी जाते, हे त्यांनी महिन्याभरात पहिल्यांदाच पाहिलं.

घर चौथ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट होती, आणि ती कधी बंद पडत नसे, कारण तोफेचे बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. तरीही ती जिन्याने निघाली. जिन्याच्या लाकडी कठड्याला खालच्या बाजूने बाबांनी पितळी खिळे ठोकले होते, गोल डोक्याचे, हाताला लागतील पण टोचणार नाहीत असे. पहिल्या मजल्यावर एक, दुसऱ्यावर दोन. चिमटी सात वर्षांची होती, तिचा हात पोचेल त्याच उंचीवर. तोफ वाकून प्रत्येक खिळ्यावरून बोट फिरवत वर गेली. तिसऱ्या मजल्यावरचे तीन मोजून झाल्यावर ती जरा वेळ पायरीवर बसली.

चिमटी, म्हणजे तिची धाकटी बहीण. जन्मली तेव्हा बाबा म्हणाले होते, ही तर चिमटीत मावेल, आणि तेच नाव पडलं. गेले काही महिने ती संध्याकाळी खाली खेळायला जायची टाळत होती. गेलीच तर उजेड कमी होताच भिंतीला धरून उभी राहायची. घरात कपबशा सांडायच्या, उंबऱ्याला ठेच लागायची. आई तिला धांदरट म्हणायची. बाबांना वाटलं पोर अंधाराला घाबरते, आणि घाबरण्यावरचा उपाय त्यांच्या धंद्यातच होता. लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत, म्हणजे शाफ्टमध्ये, उतरण्याआधी ते दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहत. एका संध्याकाळी पॅसेजमधला दिवा मालवून त्यांनी चिमटीला शेजारी उभं केलं. अंधाराला घाई चालत नाही, ते तिला समजावत होते, आपण नुसतं थांबायचं, मग तो आपोआप उलगडतो. आधी दाराची चौकट दिसते, मग खुंटीवरची छत्री, मग बाबा. दहा मिनिटं दोघं थांबले.

“आता दिसायला लागलं ना?”

“हो बाबा.”

“मग मी कुठे आहे? हात लाव बघू.”

चिमटीने हात पुढे केला आणि छत्रीला लावला.

तीन आठवड्यांपूर्वीची ती गोष्ट. दुसऱ्याच दिवशी चौघंही डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती. चिमटीला अंधाऱ्या खोलीत बसवून, डोळ्यांना तारा लावून, उजेडाचे लखलखाट दाखवून तपासणी झाली. दृष्टिपटलाच्या काड्यांकडून जवळजवळ काहीच उत्तर येत नव्हतं. डॉक्टर म्हातारे आणि सावकाश बोलणारे होते. हा आजार रक्तातून येऊ शकतो, ते म्हणाले, आणि तसा असेल तर त्यावर आज औषध नाही. आधी रात्र जाते, मग हळूहळू कडेने दिवसही. मग पेन हातात घेऊन त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं.

आई एका कारखान्याच्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण होती. तो प्रश्न तिला चांगलाच झोंबला.

“मी रोज तीनशे माणसांना जेवू घालते, डॉक्टर. माझ्या पोरीला उपाशी ठेवीन? पालेभाजी, अंडं, दूध, काय नाही ते विचारा. ताट लख्ख करून उठतात दोघी. एवढंच की, हिच्या अंगी लागतं,” तिने तोफेकडे हात केला, “आणि तिच्या अंगी लागत नाही.”

डॉक्टर हसले. त्यांनी चिमटीची हनुवटी वर करून विचारलं, खातेस ना गं सगळं? चिमटीने मान डोलावली. डॉक्टरांनी कागदावर एक खूण केली आणि पान उलटलं.

घरी आल्यापासून आईबाबांनी रक्त शोधायला सुरुवात केली होती. बाबांना आठवलं की त्यांच्या आजोबांच्या एका भावाला संध्याकाळनंतर हाताला धरून न्यावं लागे. आईने तीन मावश्यांना फोन केले. दोघंही एकमेकांना काही बोलत नव्हती, फक्त पूर्वी जेवण झाल्यावर गॅलरीत बसून जी बडबड चालायची ती बंद झाली होती. आईने कॅन्टीन सोडलं. बाबांनी खिळे ठोकले. आणि फ्रिजच्या दारावर, डॉक्टरांच्या कागदाशेजारी, बाबांच्या ठळक अक्षरात भरलेला एक अर्ज चिकटवलेला होता. दूरच्या गावी अंध मुलांची शाळा होती, मुलं तिथेच राहत. लवकर गेलेलं बरं, असं कुणीतरी सांगितलं होतं, दिसतंय तोवर जागा ओळखीची होते. सोमवारी चिमटीला घेऊन जायचं होतं. आज शुक्रवार होता.

तोफ पायरीवरून उठली. ताटं लख्ख कशी व्हायची, हे तिला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी चिमटीने पांढरं सोडून सगळं खाणं बंद केलं होतं. भात, पाव, उकडलेला बटाटा, साखर. हिरवं, पिवळं, केशरी काही जिभेला लागलं की तिला उमासा यायचा, आणि दुधाच्या नुसत्या वासाने ती तोंड फिरवायची. बाबांचा घरात एकच कडक नियम होता, ताटात काही टाकायचं नाही. एका दुपारी चिमटी भोपळ्याच्या भाजीसमोर दीड तास बसून होती. भाजी सुकून ताटाला चिकटली होती, चिमटीच्या गालांवर पाणी सुकून त्याचे ओघळ दिसत होते, आणि बाबा वर्तमानपत्राआडून म्हणत होते, मला घाई नाही. तोफ तेव्हा गोलू होती, बाबांना उलट बोलायची तिची छाती नव्हती. ती शेजारी बसली, आणि बाबांनी पान उलटलं तेवढ्यात तिने आपलं रिकामं ताट तिच्यापुढे सरकवून तिचं आपल्याकडे ओढलं.

त्यानंतर त्याची पद्धतच पडली. दोघी टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला शेजारी बसायच्या. बाबा वर्तमानपत्राआड असले आणि आई गरम काहीतरी आणायला आत गेली की चिमटीचा गुडघा तोफेच्या गुडघ्यावर दोनदा आपटायचा. भात-बटाटा चिमटीचा, बाकी सगळं तोफेचं. अंड्याचा पांढरा भाग चिमटीचा, बलक तोफेचा. शेवटी दुधाचे दोन मग यायचे, निळा आणि पिवळा. तोफ दोन्ही प्यायची. मग बोट पिवळ्या मगाच्या तळाला बुडवून चिमटीच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी काढायची, आणि चिमटी ती मिशी घेऊन आईसमोर जाऊन उभी राहायची. आई पदराने ती पुसायची आणि म्हणायची, शहाणं माझं बाळ.

मिशीची कल्पना तोफेची होती. तिला तिचा फार अभिमान होता.

तिने दार उघडलं तेव्हा आई खिडकीपाशी चिमटीच्या फ्रॉकना आतून गुंड्या शिवत होती. निळ्याला गोल, लालला चौकोनी, पिवळ्याला दोन. म्हणजे बोटांनी ओळखता येईल, तिने मान वर न करता सांगितलं. तिचा दोरा संपत आला होता. ती तो आणायला खाली गेली आणि दोघी बहिणी घरात राहिल्या.

तोफेने चिमटीला खिडकीतल्या उजेडात उभं करून तिचे डोळे बघितले. पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेला, फेसाचा ठिपका होता. दोन महिन्यांपूर्वी तसाच ठिपका तिने आंघोळीचा साबण राहिला म्हणून रुमालाच्या टोकाने पुसला होता, आणि तेव्हा तो निघालाही होता. आता उजव्या डोळ्यात आणखी काहीतरी होतं. बुबुळावर, पुढच्या काचेत, रव्याच्या कणाएवढी धुरकट जागा. दवाखान्यात गेले तेव्हा ती नव्हती.

“दुखतं?”

“टोचतं. उजेड टोचतो.”

“कधीपासून?”

“परवापासून. आईला नाही सांगितलं. ती आधीच रडते.”

तोफ स्वयंपाकघरात गेली. तिने गाजर किसलं, अंडं उकडलं, घाईत किसणीवर एक बोट खरचटून घेतलं. आपण तिला गुपचूप भरवू, असं तिच्या मनात होतं. रोज. डोळे बरे होतील, सोमवार आपोआप टळेल, रक्त कुणाचं हे कुणालाच शोधायला लागणार नाही, आणि ताटांची गोष्ट ताटांखालीच राहील. तिने चिमटीला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं आणि चमचा पुढे केला.

चिमटीने चमच्याकडे आणि मग ताईकडे बघितलं. तिने काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून तिने तोंड उघडलं, घास आत घेतला, तो गिळायचा प्रयत्न करताना तिचे खांदे कानांपर्यंत वर आले, आणि सगळं तिच्या फ्रॉकवर परत आलं. तिने लगेच हाताने ते गोळा करायला सुरुवात केली.

“ताई, मी परत करते. आता नाही सांडणार.”

“राहू दे.”

“तू रागावलीस?”

तोफेने ओलं फडकं घेऊन तिचा फ्रॉक पुसायला घेतला. पुसून स्वच्छ झाला तरी ती पुसतच राहिली.

“डॉक्टरांनी विचारलं होतं ना तुला, सगळं खातेस का म्हणून,” तिने खाली बघत विचारलं. “तेव्हा का नाही सांगितलंस?”

“मी तुझ्याकडे बघितलं.”

“मग?”

“तू अशी केलीस.” चिमटीने मान हळूच खाली-वर हलवून दाखवली. “म्हणून मीपण केली.”

फडकं थांबलं. तोफेला ती खोली आठवली, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, स्वतःचं स्टूल. मान हलवल्याचं आठवत नव्हतं. पण चिमटी खोटं कशाला बोलेल. इतक्या सवयीने हलली असेल की तिचं तिलाच कळलं नसेल, घरी आईने ‘संपवलंस ना’ विचारल्यावर हलायची तशी.

“आणि तू गळ्याशपथ घातली होतीस ना,” चिमटी पुढे म्हणाली, “कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. मी कुणालाच सांगितलं नाही. त्या शाळेत जायचं म्हणाले तरी नाही सांगितलं.”

तिने शाबासकीची वाट बघितली. ती आली नाही, तेव्हा तिने बऱ्याच दिवसांचं मनात असलेलं विचारून टाकलं.

“ताई, तिथे माझ्या शेजारी जेवायला कोण बसेल गं?”

जिन्यात आईची पावलं वाजली. तोफेने किसलेलं गाजर कचऱ्याच्या डब्यात तळाशी लोटलं आणि वर वर्तमानपत्र टाकलं. अंडं तिने सवयीने तोंडात कोंबलं. मग ते सिंकमध्ये थुंकून टाकलं. आई आत येऊन, काय गं काय शिजवत होतीस, असं विचारेपर्यंत ती नळाखाली तोंड धुवत उभी होती.

संध्याकाळपर्यंत ती बाथरूममध्ये दोनदा जाऊन आली. आरशासमोर उभं राहून तिने सुरुवात करून बघितली. स्पर्धेच्या वेळी तिला शिकवलं होतं, पहिलं वाक्य पक्कं पाठ असलं की बाकीचं त्याच्या मागून येतं. सहाशे मुलांसमोर ते आलं होतं. इथे पहिलंच वाक्य सापडेना. आई, मला काहीतरी सांगायचंय, हे फार लहान वाटलं. माझी चूक झाली, हे त्याहून लहान. बाहेर येऊन ती फ्रिजसमोर उभी राहिली. अर्जावर कारण म्हणून बाबांनी लिहिलं होतं: जन्मतः, रक्तातून. शेजारच्या कागदावर दवाखान्याची वेळ छापलेली होती. सायंकाळी पाच ते आठ.

बाबा सव्वासहाला आले. या घरात जेवण लवकर होई, आईच्या कॅन्टीनच्या दिवसांपासूनची ती सवय. खिडकीबाहेरचा उजेड राखाडी होत होता. आईने टेबलावरचा दिवा लावला, आणि तीन आठवड्यांपूर्वी आणलेला दुसरा मोठा दिवाही, जो चिमटीच्या डोक्यावर होता. पॅसेजमधून येताना चिमटीने भिंतीला हात लावला होता आणि ती पावलं मोजत होती. अकरा, बारा, खुर्ची. बाबांनी तिला खुर्ची ओढून दिली नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

आईने वाढलं. भात, उकडलेला बटाटा, पालेभाजी, भोपळा, अर्धं अर्धं अंडं. बाबा तोफेकडे बघून म्हणाले, काय तोफ, आज दारूगोळा संपला वाटतं. नेहमी ती दोन गोळे तरी परत फेकायची. आई म्हणाली, दुपारपासून अशीच आहे, शाळेत काहीतरी झालं असेल. मग ती दुधाचे मग आणायला आत गेली.

टेबलाखाली चिमटीचा गुडघा तोफेच्या गुडघ्यावर दोनदा आपटला.

तोफ हलली नाही. पुन्हा दोनदा. चिमटीने मान तिच्याकडे वळवली, पण नजर तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी पडली. दोन दोन दिवे असूनही. तोफेने तिचा हात आपल्या हातात घेऊन दाबला आणि आई बाहेर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

आईने निळा मग तोफेपुढे ठेवला, पिवळा चिमटीपुढे, आणि ती बसली. बाबांनी पहिला घास घेतला. आता चौघंही टेबलावर होती आणि कुणीही वर्तमानपत्र वाचत नव्हतं.

तोफेने आपल्या ताटातला भात आणि बटाटा चमच्याने चिमटीच्या ताटात घातला. मग चिमटीच्या ताटातली पालेभाजी आपल्या ताटात ओढली. मग भोपळा. मग अंड्यातला बलक बोटाने अलगद सोडवून घेतला आणि पांढरा भाग तिथेच ठेवला. ती हे सगळं सावकाश करत होती, आणि तरीही हात इतके सराईत होते की भाताचं एक शीतसुद्धा सांडलं नाही.

“अगं, काय चाललंय तुझं?” आई म्हणाली. “तिला खाऊ दे की तिचं.”

चिमटीने खालच्या खाली ताईचा फ्रॉक मुठीत पकडला.

तोफेने पिवळा मग उचलला. आईच्या डोळ्यांत बघत तिने तो तळापर्यंत प्यायला. मग बोट मगाच्या तळाला बुडवलं, दुसऱ्या हाताने चिमटीची हनुवटी धरली आणि तिच्या वरच्या ओठावर, डावीकडून उजवीकडे, पांढरी मिशी काढली.

आईचा हात सवयीने पदराकडे गेला. पदराचं टोक धरून तो हवेतच थांबला. ती चिमटीच्या ओठाकडे बघत राहिली, मग रिकाम्या मगाकडे, मग तोफेच्या भरल्या अंगाकडे. बाबांनी घास ताटात परत ठेवला. त्यांनी दोन्ही ताटांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मग त्यांचे डोळे फ्रिजच्या दाराकडे गेले.

“किती दिवस?” आईने विचारलं. तिचा आवाज कुणाचा तरी उसना आणल्यासारखा होता.

“दोन वर्षं.”

चिमटी रडवेल्या आवाजात कुजबुजली, ताई, गळ्याशपथ. तोफेने खुर्ची मागे सरकवली आणि ती उभी राहिली. आवाज मागच्या भिंतीपर्यंत न्यायची गरज नव्हती, चार हातांवर तर सगळे होते, पण तेवढंही अंतर तिला फार वाटलं.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “ताटं झाकून ठेवा. तिच्या उजव्या डोळ्यात डाग पडतोय, आणि दवाखाना आठपर्यंत उघडा असतो. आपण आत्ता निघायचं. तिच्याबरोबर आत मी जाणार, आणि डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं की या वेळी मीच सांगणार.”